नरक्या किती उरला, हे कसं ठरतं?

आंबोली, तिलारी, चांदोलीच्या बाजूच्या रानात नरक्या, एक औषधी झाड, अजूनही दिसतो. त्यामुळे तो धोक्यात आहे असं म्हटलं की दोडामार्गाकडचा माणूस हमखास म्हणतो, "रानात आसा मा!" हे खोटं नाही. नरक्या आहेच. पण एखादी वनस्पती 'आहे' आणि ती 'टिकून आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संवर्धनाची सगळी मोजदाद या फरकावर उभी आहे.

आधी झाड ओळखू. नरक्याचं शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या पुस्तकांत तो मॅपिया फोएटिडा म्हणून सापडतो. कळगूर, गणेरा, अमृता ही त्याचीच नावं. उघड्यावर तो झुडूपच राहतो, दाट रानात तीन ते आठ मीटर वाढतो. पानं एकाआड एक, पण फांदीच्या टोकाला गर्दी करून येतात. पानाचा देठाकडचा भाग दोन्ही बाजूंना सारखा नसतो आणि गळलेल्या पानांचे वण फांदीवर ठळक दिसतात. साल करडी, सुरकुतलेली. पावसाळ्यात टोकाला पिवळसर-पांढऱ्या बारीक फुलांचे घोस येतात. त्यांचा वास इतका कुजकट की पाहण्याआधी नाकालाच झाड कळतं. पाऊस ओसरल्यावर लांबट फळं धरतात, दीड-दोन सेंटिमीटरची. हिरवी, मग लालसर, मग जांभळट काळी, आणि आत एकच बी. नुसत्या पानांवरून खात्री धरू नये. फूल किंवा फळ पाहिल्याशिवाय ओळख पक्की होत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नरक्याची सगळी झाडं एकसारखी नसतात. काहींवर फक्त नरफुलं येतात, काहींवर फक्त मादीफुलं, काहींवर द्विलिंगी. म्हणजे रानात शंभर झाडं मोजली तरी फळ धरणारी शंभर नसतात. पुढे याचा संबंध येईल.

लाकडात असं काय आहे

नरक्याच्या खोडात, सालीत आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचा अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं एक नायट्रोजनयुक्त रसायन, असतो. हे द्रव्य पहिल्यांदा मिळालं ते एका चिनी झाडातून, १९६६ साली, अमेरिकेत. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी ते वेगळं केलं. त्यातले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. १९७२ मध्ये मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडलं, आणि सह्याद्रीतल्या एका दुर्लक्षित झुडपाकडे औषधांच्या बाजाराचं लक्ष गेलं.

हे द्रव्य करतं काय? पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे. सुंभाच्या दोराचे पदर एका टोकाकडून सोडवायला घेतले की पुढचा पीळ अधिकच आवळतो, तसंच इथे होतं. तो पीळ सैल करायला पेशीत टोपोआयसोमरेज-१ नावाचं एन्झाइम असतं. ते एक धागा कापतं, पीळ फिरू देतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापण्या-जोडण्याच्या मधल्या क्षणी तिथे अडकून बसतं. धागा उघडा राहतो, मागून येणारी नक्कल करणारी यंत्रणा त्यावर आदळते, डीएनए तुटतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असल्यानं त्यांना हा मार जास्त बसतो. पण आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं इथल्या पेशीही भराभर दुभंगतात, त्यामुळे त्याही सापडतात.

म्हणूनच १९७०च्या दशकात मूळ द्रव्याच्या चाचण्या तीव्र जुलाब आणि मूत्राशयातल्या रक्तस्रावामुळे थांबवाव्या लागल्या. पुढे त्याची रचना बदलून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं तयार झाली आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. नरक्याचा काढा पिऊन कर्करोग बरा होतो ही समजूत इथेच सोडून द्यावी. मूळ द्रव्य पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि जे पोटात जाईल त्याची मात्रा कोणाच्याच हातात नसते. रुग्णालयात या औषधांचा प्रत्येक डोस रक्ततपासणी पाहून दिला जातो. काढ्याला तो हिशोब नाही.

एक टन लाकूड, एक ते तीन किलो माल

वाळलेल्या लाकडात कॅम्प्टोथेसिन साधारण ०.१ ते ०.३ टक्के भरतं. झाडागणिक, जागेगणिक आणि भागागणिक ते बदलतं. म्हणजे एक हजार किलो वाळलेल्या लाकडात एक ते तीन किलो द्रव्य, तेही कागदावर, कारण काढताना काही वाया जातंच. ओलं लाकूड वाळून सुमारे निम्मं होतं, म्हणजे रानातून तोडावं लागतं दोन टन. तिथे कोणी एक-दोन फांद्या काढून भागवत नाही, अख्खं झाड पाडलं जातं. जमिनीसरशी तोड, तुकडे, वाळवण आणि मग जळाऊ लाकडाच्या नावाखाली गाडी. निर्यातीचा माल पूर्वी जपान, स्पेनकडे जात असे.

खोड तोडलं तरी नरक्याच्या बुंध्यातून नवे फुटवे येतात. तोड जमिनीपासून तीसेक सेंटिमीटर वर, करवतीनं, तिरकी केली आणि नंतर दोन-तीन जोमदार फुटवे राखले तर झाड सावरतं. पण मुळांत द्रव्याचं प्रमाण खोडापेक्षा जास्त असतं. हे एकदा कळलं की कुदळ येते. मूळ उपटलं की फुटवा नाही, बी नाही, काहीच नाही. या झाडाच्या बाबतीत कोयत्यापेक्षा कुदळ कितीतरी घातक, आणि रानात फिरताना आधी खड्डेच शोधावेत.

झाड न तोडता हे द्रव्य मिळवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २००५ मध्ये नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतून ते मिळाल्याचं जम्मूच्या संशोधकांनी दाखवलं. अडचण अशी की प्रयोगशाळेत अशी बुरशी पिढ्यान्‌पिढ्या वाढवत गेलं की ती द्रव्य कमी कमी देऊ लागते. तूर्त भार झाडांवरच आहे.

'धोक्यात' हा शिक्का कोण आणि कसा मारतं

आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना कोणती जात किती धोक्यात आहे याची लाल यादी ठेवते. तिच्यात नऊ खाने आहेत: नामशेष, जंगलातून नामशेष, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटासन्न, चिंता नसलेली, माहिती अपुरी असलेली आणि मूल्यमापनच न झालेली. खरोखर 'धोक्यात' म्हणतात ते मधले तीन, म्हणजे अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित. आता चालतात ते निकष २००१ साली ठरले.

निकष पाच आहेत आणि त्यांपैकी कोणताही एक लागू झाला तरी पुरतो. आपल्या कामाचे तीन. पहिला घटीचा. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या किमान ३० टक्के घटली तर असुरक्षित, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त, ८० टक्के घटली तर अतिसंकटग्रस्त. दुसरा विस्ताराचा. पसरण्याचं क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर असुरक्षित, ५,०००पेक्षा कमी असेल तर संकटग्रस्त, १००पेक्षा कमी असेल तर अतिसंकटग्रस्त, अर्थात सोबत तुकडे पडणं, सततची घट अशा अटीही लागू व्हाव्या लागतात. तिसरा संख्येचा. प्रजननक्षम झाडं १,०००पेक्षा कमी उरली तर असुरक्षित, २५०पेक्षा कमी तर संकटग्रस्त, ५०पेक्षा कमी तर अतिसंकटग्रस्त.

आता नरक्याला यात बसवून पाहा. तो काही फक्त सह्याद्रीचा नाही. श्रीलंका, ईशान्य भारत, आग्नेय आशिया ते थेट तैवानपर्यंत त्याचा पसारा आहे. विस्ताराच्या निकषावर तो जगाच्या नकाशावर सहज सुटतो. संख्येच्याही. राहिला घटीचा निकष, आणि तो लावायचा तर आधी किती झाडं होती आणि आता किती आहेत हे दोन्ही आकडे हवेत. तोडीची नोंदच नसेल तर पहिला आकडा कुठून आणणार?

म्हणून इथे प्रादेशिक मूल्यमापन महत्त्वाचं ठरतं. बेंगळुरूच्या एफआरएलएचटी या औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या संस्थेनं १९९५ पासून राज्यवार बैठका घेतल्या. वनस्पतितज्ज्ञ, वनाधिकारी, वैद्य, व्यापाराची माहिती असलेले लोक एकत्र बसले आणि औषधी वनस्पती एकेक करून तपासल्या. दक्षिणेकडच्या राज्यांसाठी झालेल्या अशा बैठकांत नरक्या संकटग्रस्त किंवा असुरक्षित या खान्यांत गेला. जगभराचा शिक्का आणि राज्याचा शिक्का वेगळे असू शकतात. त्यात विरोध काही नाही, प्रश्नच वेगळे विचारलेले असतात. प्रादेशिक मूल्यमापनात आणखी एक पायरी असते. शेजारच्या प्रदेशातून बी येऊन इथली झाडं भरून निघण्याची शक्यता असेल तर शिक्का एका पायरीनं सौम्य करता येतो. नरक्याची फळं पक्ष्यांच्या पोटातून पसरतात. पण दोन रानांच्या मधे रबराची किंवा काजूची सलग लागवड पडली तर बी पलीकडे पोहोचणं कठीण होतं, आणि मग ती सवलत कागदापुरतीच राहते. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात ही शंका धरूनच चालावं.

आणि ती नर-मादीची गोष्ट. निकषांत मोजायची असतात ती फक्त प्रजननक्षम झाडं. तोडलेल्या बुंध्यावरचे पाच फुटवे म्हणजे पाच झाडं नव्हेत, ते एकच झाड, आणि त्यावर फुलं-फळं येईपर्यंत तेही या मोजणीत धरायचं नाही. नर-मादीचं प्रमाण बिघडलेलं असेल तर संख्या कमी बाजूनं धरावी असं आययूसीएनच्याच मार्गदर्शनात सांगितलं आहे. बाहेरून हिरवंगार दिसणारं रान या हिशोबात बरंच रिकामं निघू शकतं, कारण तोड होते ती जाड खोडांची, म्हणजे नेमकी फळ धरणाऱ्या वयाच्या झाडांची.

आपल्या रानात कसं मोजावं

दहा मीटर रुंद, शंभर मीटर लांब पट्टा दोरीनं आखायचा. तेवढ्यात ०.१ हेक्टर होतं. उतारावर पट्टा आडवा न आखता वरून खाली आखावा, म्हणजे ओलसर घळ आणि कोरडा वरचा भाग दोन्ही मोजणीत येतात. एका रानात असे किमान चार-पाच पट्टे, वाटेपासून दूरचेही. फक्त वाटेलगत मोजलं तर उत्तर चुकतं, कारण तोड सगळ्यात आधी वाटेलगतच होते.

प्रत्येक नरक्याची नोंद चार प्रकारांत करायची: गुडघ्याखालची रोपं, गुडघ्यापासून छातीपर्यंतची, छातीवरची झाडं, आणि तोडलेले बुंधे व उपटलेले खड्डे. छातीवरच्या झाडांचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर टेपनं मोजायचा. उतारावर ही उंची झाडाच्या चढाकडच्या बाजूनं धरावी. मोजणी दोनदा करावी, एकदा फुलांच्या दिवसांत आणि एकदा फळांच्या. ज्याला फुलं आली पण फळ नाही, ते बहुधा नर. एका वर्षावर मात्र हा निकाल देऊ नये, कारण पावसानं मोहोर झडला तर मादी झाडही रिकामं राहतं.

समजा एका रानात जुन्या बुंध्यांसकट २०० मोठी झाडं होती आणि आज ९० उभी आहेत. घट ५५ टक्के. ती तीन पिढ्यांच्या आतली असेल तर त्या रानापुरता आकडा संकटग्रस्त या खान्याच्या पातळीचा. मात्र त्या ९० पैकी फळ धरणारी ३० आणि रोपं जवळपास शून्य असतील तर आकड्यापेक्षा परिस्थिती वाईट. उलट झाडं ६०च पण रोपं भरपूर असतील तर त्या रानाला हात न लावणं हाच उत्तम उपाय.

ही नोंद गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे, लोक जैवविविधता नोंदवहीत जावी. जागेचा नेमका ठावठिकाणा मात्र उघडपणे, विशेषतः मोबाइलवरच्या गटांत, टाकू नये. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात हे अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि माल शोधणारेही तेच फोटो पाहत असतात.

कायदा कुठे लागतो, कुठे निसटतो

राखीव वनात झाड तोडणं, माल हलवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, झाड कोणतंही असो. अडचण मालकी रानाची, आणि कोकणात मालकी रान भरपूर आहे. खासगी जमिनीवरच्या तोडीसाठी महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा आहे. त्यात हिरडा, साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ, खैर अशा ठरावीक झाडांची यादी आहे आणि नरक्या त्या यादीत नाही. त्यामुळे रान तोडायला देताना कंत्राटदाराशी बोलणी होतात ती ऐन-किंजळाच्या भावावर. मधली झुडपं 'किरकोळ' म्हणून फुकटात जातात, आणि नरक्याही त्यातच.

जैविक विविधता अधिनियम, २००२ मात्र मालकी रानालाही लागतो. व्यापारी वापरासाठी जैविक सामग्री घ्यायची तर राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं. गावातल्या स्थानिकांना आणि वैद्यांना पारंपरिक वापरासाठी यातून मोकळीक आहे. २०२३ च्या दुरुस्तीनं लागवडीतल्या औषधी वनस्पतींना सवलत दिली आहे. म्हणून कोणी नरक्या लावणार असेल तर बी कुठून आणलं, रोपं कधी लावली, किती लावली याची समितीकडे पहिल्या दिवसापासून नोंद करावी. ती नसेल तर दहा वर्षांनी आपलंच झाड आपलं आहे हे सिद्ध करता येत नाही. आणि रान तोडायला देणार असाल तर करारातच लिहून घ्यावं की नरक्याला हात लावायचा नाही आणि मुळं काढायची नाहीत.

रोपं करायची तर

ऑक्टोबर ते डिसेंबरात पूर्ण पिकलेली, काळपट फळं घ्यावीत. एका झाडावरची पाचव्या हिश्शापेक्षा जास्त फळं काढू नयेत, बाकीची पक्ष्यांची. बी किमान दहा वेगवेगळ्या झाडांचं असावं, म्हणजे पुढच्या झाडांत नर-मादी दोन्ही येतील. हिरवी फळं आणून घरी पिकवण्याचा खटाटोप करू नये, आतलं बी कच्चंच राहतं.

गर वाळूबरोबर पाण्यात चोळून काढावा. गर राहिला की बुरशी धरते आणि मुंग्या लागतात. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया टाकून द्याव्यात. बाकीच्या एक दिवस सावलीत निथळवून लगेच पेराव्यात. डब्यात भरून पुढच्या पावसाची वाट पाहणं ही सर्वांत मोठी चूक, साठवलेल्या बियांचा जोम झपाट्यानं कमी होतो. नदीची वाळू, माती आणि कुजलेलं शेणखत सारखं घेऊन वाफा करावा. बी एक ते दीड सेंटिमीटर खोल, वर निम्मी सावली देणारी जाळी आणि उंदरांसाठी बारीक तारेची जाळी. उगवायला दीड-दोन महिने लागू शकतात. तोवर वाफा उकरून पाहू नये. रोज हलकं पाणी पुरे, चिखल झाला तर रोप जमिनीलगत कुजून मान टाकतं.

चार पानं आली की १५ बाय २० सेंटिमीटरच्या पिशवीत हलवावं आणि पहिला पावसाळा तिथेच काढू द्यावा. पुढच्या जूनमध्ये, म्हणजे साधारण दीड वर्षाचं रोप, ४५ सेंटिमीटरच्या खड्ड्यात लावावं. अंतर अडीच-तीन मीटर. जागा घाटाच्या पायथ्याची किंवा वरची, रानाच्या कडेची, अर्ध्या सावलीची, पाणी न साचणारी. कातळाचा सडा आणि किनाऱ्यालगतची उघडी, तापणारी जमीन टाळावी. पहिली दोन वर्षं गुरांपासून कुंपण आणि उन्हाळ्यात आठवड्याला पाणी लागेल. विरळणी करायचा मोह झाला तरी फुलं येईपर्यंत थांबावं, कारण कोणतं झाड मादी आहे हे त्याआधी ओळखता येत नाही.